निवांत रत्नागिरी आणि आमची फुरसत

आंबेडकरी माणूस प्रवास खूप करतो, पण फिरायला जात नाही. ६ डिसेंबरला दादर, १ जानेवारीला भीमा कोरेगाव, २० मार्चला महाड, अशोक विजयादशमीला नागपूर. मिळेल त्या गाडीने जायचे, जागा नसेल तर उभ्याने, सोबत बांधून घेतलेली भाकरी खायची, अभिवादन करायचे, स्टॉलवरून चार पुस्तके घ्यायची आणि रात्रीच्या गाडीने परत यायचे. या प्रवासाने आम्हाला घडवले, त्याबद्दल दुमत नाही. पण या सगळ्यात एक गोष्ट कधीच नसते, ती म्हणजे नुसते बसणे.

म्हणून या हिवाळ्यात आम्ही चौघे कार्यकर्ते तीन दिवसांसाठी रत्नागिरीला निघालो, तेव्हा ओळखीच्यांनी पहिला प्रश्न केला, "कार्यक्रम कुठला आहे?" कार्यक्रम नाही, समुद्र बघायला चाललोय, असे सांगितल्यावर लोक हसले. एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी तर सुनावलेच, "संविधानावर घाला पडतोय आणि तुम्हाला चौपाटी सुचतेय?" ते आम्हाला वडिलांच्या जागी आहेत. त्यांच्या तळमळीबद्दल शंका नाही. पण त्यांच्या प्रश्नामागे जे गृहीत आहे ते आम्हाला मान्य नाही, आणि अनेक तरुण मित्रांच्या मनातही हाच अपराधीपणा असतो, म्हणून हे लिहीत आहोत.

पहिला मुद्दा बाबासाहेबांचा. फुरसत ही चैन आहे, असे बाबासाहेबांनी कधीच मानले नाही. १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या, काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले याचा हिशेब मांडणाऱ्या ग्रंथात त्यांनी गांधीवादाची जी चिकित्सा केली, तिच्यात फुरसत हा मध्यवर्ती मुद्दा आहे. माणूस नुसता पोट भरून जगत नाही, त्याला मन आहे. मनाची मशागत करायला वेळ लागतो. तो वेळ सर्वांना मिळायचा असेल तर यंत्र हवे, आणि यंत्राला विरोध करणारे तत्त्वज्ञान बहुसंख्यांना कायमचे राबवत ठेवते, असा त्यांचा युक्तिवाद होता. नुसते लिहून ते थांबले नाहीत. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे होते. कारखान्यातल्या कामगाराला पगारी रजा देणारी दुरुस्ती आणि आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आणणारी दुरुस्ती, या दोन्ही त्याच काळातल्या. म्हणजे आमच्यातला जो मित्र कंपनीतून तीन दिवसांची रजा टाकून आला होता, त्याची ती रजासुद्धा बाबासाहेबांच्या खात्यातली आहे. ती वापरायची लाज कशाला?

आता रत्नागिरीकडे येऊ. रत्नागिरीला जाऊन आलेला प्रत्येक माणूस एकच शब्द वापरतो, निवांत. आणि ते खरे आहे. जिल्ह्याचे ठिकाण, बंदराचे शहर, पण २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ८० हजारांच्याही आत. दुपारी दुकाने मिटलेली. रिक्षावाला हॉर्न वाजवत नाही, तुम्ही ठरवेपर्यंत थांबतो. संध्याकाळी मांडवीच्या जेट्टीवर माणसे भेळेचा कागद हातात घेऊन सूर्य बुडेपर्यंत बोलत बसतात. मांडवीची वाळू काळी, आणि रत्नदुर्ग किल्ल्याचा डोंगर ओलांडून मिऱ्याच्या बाजूला गेलात की वाळू पांढरी. एकाच गावाला काळा समुद्र आणि पांढरा समुद्र. दक्षिणेला काजळी नदीच्या खाडीवरचा पूल ओलांडला की भाट्ये. लांबच लांब सरळ किनारा, काठाने सुरूची झाडे आणि शेजारी नारळ संशोधन केंद्राची बाग. आम्ही पहिल्या संध्याकाळी भाट्याला गेलो आणि दोन तास कुणी काही बोललेच नाही. चळवळीतली चार माणसे दोन तास गप्प बसली, हा आमच्यापुरता विक्रमच होता.

पण आंबेडकरी माणसाला प्रश्न पडतोच. हा निवांतपणा आला कुठून? 'कोकणी माणूस मूळचाच शांत, आहे त्यात समाधानी,' असे पर्यटनाची पुस्तके सांगतात. आम्हाला हे उत्तर पटत नाही. जनगणना वेगळे सांगते. २००१ ते २०११ या दहा वर्षांत सगळा देश वाढत असताना रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या घटली. २०११ साली या जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११०० हून अधिक स्त्रिया होत्या. हे स्त्रीसन्मानाचे लक्षण समजू नका. पुरुष पोटासाठी बाहेर आहेत, एवढाच त्याचा अर्थ. जी शांतता पर्यटकाला हवीहवीशी वाटते, तिच्यातला मोठा भाग गैरहजेरीचा आहे. ज्यांनी या गावांत गजबज केली असती, ती माणसे परळला, वरळीला, नायगावला, डिलाईल रोडच्या बीडीडी चाळींत जाऊन राहिली.

ती का गेली? जमीन डोंगराळ, उत्पन्न कमी, हे अर्धे कारण. उरलेले अर्धे कारण खोती. रत्नागिरी जिल्हा हा खोतीचा बालेकिल्ला. सरकार आणि कसणारा यांच्या मध्ये खोत. तो सारा गोळा करणार, कुळाकडून पिकाचा मोठा हिस्सा घेणार, वर वेठबिगार घेणार. नांगर कुळाचा, घाम कुळाचा, आणि गाव खोताचे. या कुळांत कुणबी होते, आगरी होते, भंडारी होते, आणि महारांच्या वाट्याला तर खोताची वेठ आणि गावकीची वतनी कामे असा दुहेरी जाच होता. अशा गावातून माणूस पळणार नाही तर काय करणार?

तो पळाला याच बंदरातून. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली १९९८ साली. त्याआधी पिढ्यान् पिढ्या मुंबईचा रस्ता म्हणजे समुद्र. बोट खोल पाण्यात उभी राहायची. किनाऱ्यावरून पडावात बसून तिच्यापर्यंत जायचे आणि हलत्या पडावातून बोटीवर चढायचे. पावसाळ्यात तर बोटी बंदच. आज मांडवीच्या जेट्टीवर आम्ही फोटो काढतो, पण या किनाऱ्याने डोक्यावर गाठोडे घेतलेल्या, घर मागे सोडून निघालेल्या माणसांच्या रांगाच रांगा पाहिल्या आहेत. त्यांच्या आठवणीचा एक दगडसुद्धा तिथे नाही.

याच खोतीविरुद्ध बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. पुढे १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा त्यांनी मुंबईत विधिमंडळावर नेला. त्यात रत्नागिरीचे शेतकरी होते, कुलाब्याचे होते, आणि त्यात महार किती व कुणबी किती हे मोजायची कुणाला गरज वाटली नाही. बाबासाहेबांना फक्त एका जातीचा पुढारी म्हणणाऱ्यांनी हा मोर्चा जरूर वाचावा. विधेयक त्या वेळी मंजूर झाले नाही. तेव्हाचे मुंबईचे पंतप्रधान होते बाळ गंगाधर खेर, म्हणजे याच रत्नागिरीत जन्मलेले. खोती रद्द करणारा कायदा आला तो १९४९ चा, आणि तेव्हाही सरकार खेरांचेच. म्हणजे काम अशक्य नव्हते. बारा वर्षे कुळांनी वाट पाहिली, इतकेच.

आता हे शहर पर्यटकाला काय दाखवते ते पाहा. रिक्षावाल्याशी दिवसभराचे ठरवले की तो ठरलेली यादी म्हणतो. टिळकांचे जन्मस्थान, पतितपावन मंदिर, रत्नदुर्ग, थिबा पॅलेस, मग आरे-वारे आणि गणपतीपुळे. यातली प्रत्येक जागा आम्ही पाहिली. द्वेषाने पाहिली नाही, डोळे उघडे ठेवून पाहिली.

टिळक आळीतले घर चांगले जतन केले आहे. १८५६ चा जन्म, मंडालेचा तुरुंगवास, सगळे ठाऊकच आहे. पण टिळक घराणे दापोलीजवळच्या चिखलगावचे खोत होते आणि खोती कायद्यातल्या सुधारणांचा वाद पेटला तेव्हा 'केसरी' कुळांच्या नव्हे, खोतांच्या बाजूने उभा राहिला, ही गोष्टही त्याच चरित्राचा भाग आहे. तिच्याशिवाय रत्नागिरीचा इतिहास पुरा होत नाही.

पतितपावन मंदिर १९३१ चे. सावरकर तेव्हा रत्नागिरीत स्थानबद्ध होते. मंदिराला पैसा दिला तो भागोजीशेठ कीर यांनी, भंडारी समाजातून वर आलेल्या माणसाने. सर्व जातींना प्रवेश, सहभोजने, हे तिथे घडले आणि ते घडले हे आम्ही नाकारत नाही. आमचा प्रश्न पुढचा आहे. त्याच जिल्ह्यात, त्याच वर्षांत, खेड्यातला खोत कुळाला वेठीला धरत होता. देवळाचे दार उघडले, सातबारा बंदच राहिला. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला मनुस्मृती जाळली, १९३० साली काळारामाचा सत्याग्रह सुरू केला, आणि १९३३ च्या फेब्रुवारीत मंदिरप्रवेशाच्या विधेयकाला पाठिंबा न देता स्पष्ट सांगितले की, चातुर्वर्ण्य तसेच ठेवून देवळात घेतल्याने अस्पृश्याचा प्रश्न सुटत नाही. 'पतित' म्हणवून घेऊन 'पावन' होण्याची आमची तयारी नाही. आम्ही पडलेले नव्हतोच, आम्हाला पाडले होते. १९३५ ला येवल्यात आणि १९५६ ला नागपुरात याचे उत्तर दिले गेले.

आणि आता थिबा राजा. मित्रहो, रत्नागिरीत आंबेडकरी माणसाने काही पाहायचेच असेल तर आधी हे पाहावे, आणि नेमके हेच आपल्या माणसाला कुणी नीट सांगत नाही. यादीत थिबा पॅलेस असतो तो 'ब्रह्मदेशाच्या राजाचा वाडा' म्हणून. हा राजा बौद्ध होता, हे असेच जाता जाता सांगितले जाते, जणू त्याची टोपी कुठल्या रंगाची होती असे.

थिबा हा कोनबाँग घराण्याचा शेवटचा राजा. इंग्रजांनी १८८५ साली मंडाले जिंकले, त्याला राणी सुपयालतसह उचलले, आधी मद्रासला नेले आणि १८८६ साली रत्नागिरीत आणून ठेवले. डोंगरावरचा हा लाल रंगाचा वाडा त्याला मिळाला १९१० साली, कैदेची चोवीस वर्षे उलटल्यावर. १९१६ च्या डिसेंबरात तो इथेच वारला. तीस वर्षे या शहरात एक बौद्ध राजा स्थानबद्ध होता. त्याचा बाप मिंडॉन. त्याच मिंडॉनने १८७१ साली मंडालेत पाचवी बौद्ध संगीती भरवली आणि सबंध त्रिपिटक ७२९ संगमरवरी शिळांवर कोरून घेतले. थिबा स्वतः तरुणपणी विहारात राहिलेला, पाली धर्मग्रंथांची परीक्षा उत्तीर्ण झालेला. म्हणजे ज्या काळात आमच्या आजे-पणज्यांना अक्षर शिकण्याची बंदी होती, त्याच काळात पाली जाणणारा एक माणूस याच जिल्ह्यात खिडकीतून खाडीकडे बघत बसलेला होता.

हिशेब मांडा. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे याच रत्नागिरी जिल्ह्यात, उत्तर टोकाला, मंडणगड तालुक्यात. रामजी सुभेदार निवृत्त झाल्यावर कुटुंब काही काळ दापोलीला होते. म्हणजे छोटा भीमराव दापोलीत होता तेव्हा थिबा राजा त्याच जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणी कैदेत होता. त्यांचा एकमेकांशी काही संबंध आला असे आम्ही म्हणत नाही. उगाच जुळवाजुळव करणे हा आपला धंदा नव्हे. पण पुढे १९५४ साली हाच भीमराव बाबासाहेब होऊन ब्रह्मदेशात गेला, रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेत बोलला आणि दोन वर्षांनी भारतात धम्माचे चाक फिरवले. धम्म या भूमीतून उखडला गेला तेव्हा तो ब्रह्मदेशाने, सिलोनने सांभाळून ठेवला होता. त्या सांभाळणाऱ्यांपैकी एक घराणे आमच्या जिल्ह्यात कैदेत संपले. टिळक रत्नागिरीचे आणि गेले मंडालेच्या तुरुंगात, मंडालेचा राजा आला रत्नागिरीच्या कैदेत, ही गंमत गाइड हमखास सांगतो. आमच्या बाजूची गोष्ट मात्र आम्हीच सांगायची आहे.

शहरातच थिबाची समाधी आहे. २०१२ साली म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन तिथे येऊन गेले. आम्ही गेलो तेव्हा आवारात चिटपाखरू नव्हते. आम्ही चौघांनी त्रिसरण-पंचशील घेतले. राजा होता म्हणून नव्हे, राजेशाहीचे आम्हाला काही कौतुक नाही. परमुलखात मेलेला एक उपासक म्हणून. त्याची थोरली मुलगी पुढे रत्नागिरीतच राहिली, तिची मुलगी टूटू याच गावात गरिबीत जगली. राजघराण्याची नात इथल्या कष्टकरी बायकांत मिसळून गेली, हा या कथेचा शेवट आम्हाला वाड्यापेक्षा मोठा वाटतो.

दुसऱ्या दिवशी गणपतीपुळ्याच्या किनारी रस्त्याला लागलो. आरे-वारेच्या घाटीवर रस्ता वर चढतो आणि खाली दोन किनारे एकदम दिसतात, मध्ये डोंगराचे नाक, दोन्हीकडे फेसाच्या रेघा. तिथे गाडी न थांबवणारा माणूस आम्ही अजून पाहिला नाही. पुढे मालगुंडला केशवसुतांचे घर आहे. अस्पृश्य मुलाच्या मनातला प्रश्न मराठी कवितेत मांडणारा कवी याच किनाऱ्याचा. पण मालगुंडला जाणारे थोडे, गणपतीपुळ्याला जाणारे शंभरपट.

समुद्राकडे बघताना एक विचार सारखा येत होता. विहिरीला जात होती, तळ्याला जात होती, पाणवठ्याला जात होती. चवदार तळ्याचे पाणी प्यायला रक्त सांडावे लागले. समुद्राचे पाणी मात्र कुणी वाटून घेऊ शकले नाही. मग शास्त्रकारांनी समुद्रच वर्ज्य केला. समुद्र ओलांडणाऱ्याला मनुस्मृतीने श्राद्धाच्या पंक्तीतून वगळले, बौधायनाने समुद्रप्रवासाला पातक ठरवले. आणि याच किनाऱ्यावर त्याच्या उलट परंपरा उभी होती. सोपाऱ्याच्या बंदरात सम्राट अशोकाचा शिलालेख सापडला. कल्याण, सोपारा, चौल या बंदरांतल्या व्यापाऱ्यांची दाने कान्हेरीच्या लेण्यांत कोरलेली आहेत. दापोली तालुक्यात पन्हाळेकाजीची लेणी आहेत, तिथेही सुरुवात बौद्धांचीच. ज्यांना समुद्राने विटाळ होत होता ते घरी बसले, धम्म मात्र गलबतात बसून जगभर गेला. कोकणचा समुद्र म्हणजे फक्त नारळ-पोफळी आणि देवळे, हे चित्र अलीकडचे आहे. त्याच्या खालचा थर आपला आहे.

त्याच वाटेवरच्या एका गावात मित्राच्या ओळखीने बौद्धवाडीत जेवायला गेलो. कोकणातल्या गावात बौद्धवाडी कुठे असते हे सांगायला नकाशा लागत नाही. डांबर संपले की पुढे चालत राहायचे. समुद्राकडचा सपाट भाग इतरांचा, वाडी कातळावर. २०२० च्या डिसेंबरात राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलायचे ठरवले. नाव बदलायला हरकत नाही. वाडीपर्यंत रस्ता आणि नळ आधी बदलला असता तर बरे झाले असते.

घरात ऐंशीच्या पुढची आजी होती. जयभीम घालून पाया पडलो. बोलता बोलता विचारले, "आजी, समुद्र एवढा जवळ आहे, तुम्ही जाऊन बसत असाल नं कधी?" आजी हसली. म्हणाली, "नुसता बसाया कोन जातो, पोरांनू? आमी जायाचो ती कालवा काढाया. भरती लागायच्या आधी टोपली भराया पायजे. बसलाव तर खायाचा काय?" मालक मुंबईला गिरणीत होते. मनिऑर्डर कधी यायची, कधी नाही. सगळा जन्म समुद्राच्या आवाजात गेला आणि समुद्राकडे तोंड करून रिकामे बसणे एकदाही झाले नाही.

ही एकट्या आजीची गोष्ट नाही. माता रमाईचे माहेर वणंद, दापोलीजवळ. त्यांचे वडील भिकू धुत्रे दाभोळच्या बंदरातून माशांच्या टोपल्या डोक्यावर वाहून बाजारात पोचवायचे. रमाईच्या बालपणीचा समुद्र असा होता, बापाच्या मानेवरच्या ओझ्याचा. ज्या किनाऱ्याला आज 'डेस्टिनेशन' म्हणतात तो आपल्या माणसांनी फक्त वजन म्हणून ओळखला. आणि आजही हा किनारा कुणाच्या तरी पाठीवरच उभा आहे. पहाटे मिरकरवाड्याच्या बंदरात जा. बांगडा, सुरमई, कोळंबीचे ढीग, लिलावाचा आरडाओरडा, पाट्या उचलणाऱ्या बायका. ट्रॉलरवरचे खलाशी पुष्कळसे नेपाळचे, हापूसच्या बागांचे राखणदारही नेपाळचे. लुंबिनीच्या देशातली पोरे इथे येऊन जाळी ओढतात. आधी इथला माणूस मुंबईला गेला, त्याच्या जागी त्याहून गरीब देशातला माणूस आला. निवांतपणा पर्यटकाला मिळतो, हमाली साखळीने पुढच्याकडे सरकते.

मग आंबेडकरी तरुणाने काय करायचे? समुद्रावर जायचे नाही, असे उत्तर आमच्या त्या ज्येष्ठांना अपेक्षित असेल. आमचे उत्तर बरोबर उलट आहे. जायचे, मुद्दाम जायचे, आणि आईला, आजीला घेऊन जायचे. ज्या बाईने आयुष्यभर टोपली वाहिली तिला सुरूच्या सावलीत सतरंजी टाकून बसवायचे आणि चहा आपण आणून द्यायचा. यात चळवळीचे काही नुकसान होत नाही. दमलेला, चिडलेला, रात्री-अपरात्री मोबाइलवर भांडणारा कार्यकर्ता चळवळीला जास्त महाग पडतो. आपल्यातली किती चांगली माणसे चाळिशीतच थकून घरी बसली, हे प्रत्येकाने आपल्या तालुक्यापुरते मोजून पाहावे. मनाची मशागत भाषणाने होत नाही, तिला रिकामा वेळ लागतो, असे बाबासाहेबांनी उगाच सांगितले नाही.

दुसरे, आपली यादी आपण करायची. रत्नागिरीत तीन दिवस असतील तर पहिला दिवस शहराला. थिबाची समाधी, वाडा, मांडवी, भाट्ये. दुसरा दिवस आरे-वारे आणि मालगुंड. तिथे पाण्यात उतरताना सांभाळा, या किनाऱ्यांवर ओढ जबर आहे आणि दरवर्षी पोहता येणारी माणसेही जातात. तिसऱ्या दिवशी पहाटे मिरकरवाडा, आणि तिथून उत्तरेला दापोली, वणंद, आंबडवे, पन्हाळेकाजी. दापोलीत गोपाळबाबा वलंगकर राहिले होते, ज्यांनी १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' लिहिले, हे सोबतच्या मुलांना सांगा. टिळकांचे घर आणि पतितपावनही पाहा. बघायला घाबरायचे कारण नाही, फक्त खोतीचा इतिहास खिशात ठेवून बघा.

तिसरी गोष्ट पैशाची, आणि ती सर्वात महत्त्वाची. किनाऱ्याच्या रस्त्यावर जागोजागी पाट्या आहेत, 'घरगुती ब्राह्मणी जेवण मिळेल.' मासळीच्या किनाऱ्यावर जात हीच चवीची हमी म्हणून विकली जाते आणि कुणाला त्यात वावगे वाटत नाही. आमच्या वाडीतल्या आजीच्या हातची तिसऱ्यांची आमटी त्या सबंध रस्त्यावर कुठे मिळणार नाही, पण ती विकायला पाटी नाही, जागा नाही, सातबारा नाही. राज्याची निवास व न्याहारीची योजना आहे. आपल्या बचत गटांनी, मुंबईतल्या गावमंडळांनी ती नीट वाचावी. दरवर्षी सभामंडप आणि कमानीसाठी वर्गणी काढणारी आपली मंडळे एखाद्या वाडीत दोन स्वच्छ खोल्या बांधू शकतात. आपण फिरायला गेलो की पैसा आपल्याच वाडीत पडेल. आणि मुंबईला गेलेल्या एखाद्या तरुणाला गावी राहायचे कारण मिळेल. खोतीने ज्यांना बोटीत बसवले, त्यांच्या नातवंडांनी परत यायचे ते फक्त चाकरमानी म्हणून दहा दिवसांसाठी का?

आमचे ज्येष्ठ विचारतात, संविधान धोक्यात असताना समुद्र कसला? आम्ही त्यांना नम्रपणे सांगतो, संविधानाने जे माणूसपण आम्हाला दिले त्यात संध्याकाळी रिकाम्या हाताने पाण्याकडे बघत बसण्याचा हक्कही आला. तो हक्क आमच्या आजीला मिळाला नाही. तो वापरून दाखवणे आणि जिला मिळाला नाही तिच्यापर्यंत पोचवणे, हेही कामच आहे. पुढच्या सुटीत तुम्हीही आमच्याबरोबर चला, काका. भाट्यावर सुरूच्या सावलीत वाद घालू.

जयभीम!